गेमच्या मासिकाची वर्गणी भरावी का?

2 ऑगस्ट 2024 रोजी, शुक्रवारी, अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधून निघणारं 'गेम इन्फॉर्मर' बंद झाल्याचं त्याच्याच कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं. मासिक 33 वर्षांचं होतं. त्याच दिवशी संकेतस्थळही गेलं. कुठलाही जुना लेख उघडा, समोर निरोपाचा एकच मजकूर. वर्षानुवर्षांची परीक्षणं, मुलाखती, सगळं एका फटक्यात नाहीसं. वाचलं ते फक्त छापलेलं. 367 वा अंक, मुखपृष्ठावर 'ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड', तेवढा वर्गणीदारांच्या घरी सुखरूप राहिला.

व्हिडिओ गेमच्या छापील मासिकाला आज पैसे का मोजावेत, याचं निम्मं उत्तर या घटनेत आहे. उरलेलं निम्मं उत्तर वर्गणीच्या इतिहासात सापडतं, आणि तो इतिहास फारसा सोवळा नाही.

'गेम इन्फॉर्मर' 1991 मध्ये काढलं ते फंकोलँड नावाच्या दुकानांच्या साखळीने. 2000 मध्ये ही साखळी आजच्या गेमस्टॉपकडे गेली. पुढे गेमस्टॉपने 14.99 डॉलरचं वार्षिक सभासद-कार्ड काढलं आणि त्यासोबत मासिक देऊन टाकलं. जुने गेम विकताना थोडे जास्त पैसे मिळावेत म्हणून लोक कार्ड घेत, आणि मासिक आपोआप घरी येई. 2013 च्या सुमारास खप 70 लाखांवर होता, म्हणजे अमेरिकेतल्या बड्या बड्या साप्ताहिकांच्याही पुढे. पण तो खप वाचकांपेक्षा दुकानाच्या गल्ल्याचा होता. गल्ला आटला, तेव्हा मालकाला मासिक ओझं वाटलं. संपादकवर्ग मात्र खरोखर कसलेला होता, हे नमूद करायला हवं. कंपन्यांच्या स्टुडिओत जाऊन लिहिलेल्या त्यांच्या मुखपृष्ठकथा आजही वाचनीय आहेत.

निन्टेन्डोची गोष्ट आणखी मजेशीर. 1988 मध्ये कंपनीने स्वतःचंच 'निन्टेन्डो पॉवर' काढलं. म्हणजे गेम विकणाराही तोच आणि त्या गेमची तारीफ करणाराही तोच. तरी पोरांनी ते डोक्यावर घेतलं, कारण त्यात पानभर नकाशे असत, कुठल्या भिंतीमागे काय दडलंय ते दाखवणारे. जपानमध्ये तुफान चाललेला 'ड्रॅगन क्वेस्ट' अमेरिकेत 'ड्रॅगन वॉरियर' नावाने आला आणि गोदामात पडून राहिला. निन्टेन्डोने मग सुमारे 20 डॉलरच्या वर्गणीवर हा गेम फुकट द्यायला सुरुवात केली. भेट वर्गणीपेक्षा महाग! वर्गणीदार वाढले, आणि अमेरिकेतल्या एका पिढीला 'ड्रॅगन क्वेस्ट'सारख्या गेमची गोडीही लागली. डिसेंबर 2012 मध्ये ते मासिक थांबलं.

त्या काळी मासिकाच्या शब्दाला वजन किती होतं, याचा नमुना म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली'चा एप्रिल 1992 चा अंक. 'स्ट्रीट फायटर 2' मध्ये शेंग लाँग नावाचा गुप्त योद्धा आहे, असं त्यांनी छापलं. अट अशी : रयू हा योद्धा घेऊन एकही फटका न खाता शेवटच्या एम. बायसनपर्यंत पोचायचं आणि त्याच्याशी फेऱ्यांमागून फेऱ्या एकमेकांना न शिवता बरोबरीत सोडवायच्या. ती होती एप्रिल फूलची थाप. आर्केडमध्ये नाण्यांवर नाणी ओतली गेली. दोन वर्षांनी हा गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने 'सुपर स्ट्रीट फायटर 2 टर्बो'मध्ये खरोखरच एक लपलेला योद्धा आणला, अकुमा. थापेने गेमला पात्र मिळवून दिलं, असं अनेकजण मानतात.

आपल्याकडेही जसुभाई समूहाचं 'डिजिट' आणि गेमना वाहिलेलं 'स्कोअर' मुंबईतूनच निघत. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचं त्या दिवसांत अंकासोबतच्या सीडीतले डेमो हेच मोठं आकर्षण. अंक नंतर वाचला जाई, आधी सीडी संगणकात.

नकाशे, क्लृप्त्या, डेमो, बातम्या, गुण : वर्गणीची ही सगळी कारणं इंटरनेटने एकेक करून काढून घेतली. 'गेमप्रो' 2011 मध्ये गेलं, 'गेम्समास्टर' आणि 'गेम्सटीएम' 2018 मध्ये, 'ऑफिशियल एक्सबॉक्स मॅगझिन' 2020 मध्ये. बातमीसाठी मासिक घेणं हा आज शुद्ध वेडेपणा आहे.

मग उरलं काय? ब्रिटनचं 'एज' 1993 पासून टिकून आहे, वर्षाला 13 अंक. परीक्षणाखाली लेखकाचं नाव नसतं, मत मासिकाचं. दहापैकी दहा गुण पहिल्यांदा दिले ते 1996 मध्ये 'सुपर मारिओ 64'ला, आणि पुढेही हात आखडताच ठेवला. 'रेट्रो गेमर'चं काम वेगळं. खोलीत एकट्याने गेम लिहिणारी 1980 च्या दशकातली माणसं आता वयस्क झाली आहेत. त्यांच्याकडून त्या काळाच्या हकिकती हे मासिक लिहून घेतं. गेमच्या इतिहासाची ही बखरच.

बखरीची गरज किती आहे? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 मधल्या अभ्यासानुसार, 2010 पूर्वी तिथे आलेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. गेम हाती लागत नाही, तेव्हा तो कसा होता हे सांगणारा साक्षीदार म्हणजे त्या महिन्याचा अंक. त्यातली चित्रं, जाहिराती, पुढे बदललेल्या प्रकाशनाच्या तारखासुद्धा. म्हणूनच या संस्थेने जानेवारी 2025 मध्ये खुल्या केलेल्या डिजिटल ग्रंथालयात 1500 हून अधिक जुने अंक आहेत.

'गेम इन्फॉर्मर' मार्च 2025 मध्ये नव्या मालकाच्या, गन्झिला गेम्सच्या, छत्राखाली परतलं, जुन्या लेखांसह. हा मालकही गेम बनवणाराच, तेव्हा एक डोळा उघडा ठेवावा.

आता सरळ सांगतो. कुठला गेम घ्यावा एवढंच ठरवायचं असेल तर वर्गणी भरू नका. दुकानाच्या कार्डासोबत किंवा भेटवस्तूसोबत येणारं मासिक त्या वस्तूसाठी घ्या, मासिकासाठी नको. पण गेम कसे घडतात हे वाचायची हौस असेल, तर 'एज' किंवा 'रेट्रो गेमर' यांपैकी एक, एका वर्षासाठी, छापील घ्या. भारतात टपालखर्च अंगावर येतो. तो जड वाटला तर एखाद-दुसरा सुटा अंक मागवून पाहा. आणि माळ्यावर 'स्कोअर'चे जुने अंक पडून असतील, तर या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका.