सालस वकील पाहिजे

मावशीच्या कानाला फोन आहे आणि फोनात तिचा मुलगा लेस्टरहून ओरडतोय. तिकडे पहाट आहे, रात्रपाळी करून तो नुकताच घरी आलाय. इकडे बोरीत रविवारचे साडेअकरा वाजलेत. जिंतूर-परभणी रस्त्यावरच्या हाटेलात आम्ही बसलोय. बाहेरून कापसाने फुगलेला एक टेम्पो जातो आणि त्याच्या आवाजात निम्मं बोलणं बुडून जातं.

"आई, सॉलिसिटर बघितला का? सॉलिसिटर!"

मावशी फोन खाली घेते आणि मला सांगते, "सालस वकील बघा म्हणायलाय."

मी दुरुस्ती करत नाही. इतकी नेमकी मागणी मला सुचली नसती.

त्याचं म्हणणं मला कळतं. तिथं घर विकणाऱ्याचा एक सॉलिसिटर असतो, घेणाऱ्याचा दुसरा, आणि आठवडेच्या आठवडे ते एकमेकांना पत्रं लिहीत राहतात. आपल्याकडे हा शब्द जवळजवळ मुंबईपुरता उरलाय. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देऊन तिथले काही वकील आजही सॉलिसिटर म्हणवून घेतात. जिंतूर तालुक्यात तो शब्द उतरलाच नाही. इथं वकील आहेत, बाँड रायटर आहेत, मुद्रांक विक्रेते आहेत, आणि या सगळ्यांच्या मधे एक 'आपला माणूस' असतो. आमचा आपला माणूस म्हणजे समोर बसून भजे खाणारा घरमालकच.

मावशीचं माहेर बोरी. मावसा एसटीत कंडक्टर होते, ते गेल्यावर आलेल्या पैशातून तिला माहेरच्या गल्लीत दोन खणांचं माळवद घ्यायचंय. दगडी भिंती, पुढे ओटा, मागे लिंबाचं झाड. व्यवहार साडेनऊ लाखांना ठरलाय. इसाराचे एक्कावन्न हजार तिच्या पिशवीत आहेत आणि पिशवी मांडीवर. चहा पितानाही तिचा एक हात पिशवीवर आहे.

"वकील मीच सांगितलाय, अक्का," घरमालक म्हणतो. "दोघांत मिळून एकच. खर्च वाचतो. मंगळवारी रजिस्ट्री, बुधवारी तुम्ही घरात."

तेवढ्यात मोटारसायकल लागते आणि वकील आत येतात. चाळिशीचे, हसतमुख, घाईत. बॅगेतून टाईप केलेलं खरेदीखत काढतात, नावांच्या जागा रिकाम्या आहेत. "आधार द्या. चतुःसीमा सांगा. पूर्वेला कोण?" पूर्वेला कोण ते मावशी सांगते, पश्चिमेला रस्ता, दक्षिणेला तिचाच भाऊ. उत्तरेला बोळ आहे की भिंत यावर घरमालक जरा अडतो. वकील 'बोळ' लिहून पुढे जातात.

खरेदीदार म्हणून त्यांनी मावशी आणि मुलगा अशी दोन नावं घेतलीत. "पुढं वारसाची भानगड नको," ते म्हणतात.

कागदांची पिशवी उघडते. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, घरपट्टीच्या पावत्या, लाईटबिल. खाली शंभराच्या बाँडवर नोटरी केलेलं एक हक्कसोडपत्र, घरमालकाच्या दोन बहिणींचं. हे शंभराचे बाँड आता जुने झाले, ऑक्टोबर 2024 पासून तिथं पाचशे लागतात. आणि अगदी तळाला कापडात गुंडाळलेला, घडीवर फाटलेला एक उर्दू कागद. घरमालकाच्या आजोबांचा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि कचेरीची भाषा उर्दू होती, त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या घरांत असा एखादा कागद ट्रंकेत निघतोच. पुष्कळांना तो वाचता येत नाही, पण टाकवतही नाही.

"हा कामाचा नाही," वकील म्हणतात आणि त्यावर बशी ठेवतात.

मी विचारतो, "साहेब, यात तुम्ही कुणाकडून?"

"दोघांकडून. घरचाच व्यवहार आहे." फी पाच हजार, सगळं धरून.

ते फसवायला बसलेत असं मला अजिबात वाटत नाही. खेड्यातले कितीतरी व्यवहार याच रीतीने होतात आणि त्यातले बरेचसे सुखरूप पार पडतात. अडचण एवढीच की आपला व्यवहार त्या बऱ्याचशांत बसतो का, हे या टेबलावरून दिसत नाही. मावशीचं समाधान मात्र लाईटबिलाने झालंय. बिलावर नाव आहे म्हणजे घर त्याचंच, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट आहे. पिशवीवरचा हात सैल होतो. मग काय वाटतं कोण जाणे, ती उठते. "जरा वकीलभाऊला दाखवून येते."

वकीलभाऊ माहेरच्याच गल्लीत राहतात. पंचाहत्तरी ओलांडलीय, अंगात बंडी, पायाशी शेरडाचं पिल्लू. दारावर पाटी नाही. वकिलाने जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियमच आहे, पाटीसुद्धा बेताची असावी लागते. म्हणजे डॉक्टर किंवा दुकान शोधतो तसा वकील पाट्या वाचून सापडायचा नाही, चार माणसांना विचारावंच लागतं. बोरीत त्या चौघांतले तिघं एकमेकांचे सोयरे निघतात, हा भाग वेगळा.

मावशी कागद पुढे करते. ते चष्मा लावतात, नमुना आठ बघतात. मग उर्दू कागद उलगडतात. त्यांना ती लिपी येते, पहिल्या ओळीवरून डोळे उजवीकडून डावीकडे सरकताना मला दिसतात. दुसऱ्या ओळीवर ते थांबतात. कागदाची घडी पुन्हा तशीच घालतात, दुसऱ्याचं पत्र चुकून उघडल्यासारखी.

"हे काम मला घेता येणार नाही."

"कामून?"

"या घरातल्यांचं काम मी पूर्वी केलंय."

"कोणतं काम?"

"ते सांगता येत नाही."

मावशीचा चेहरा उतरतो. "म्या माहेरचा माणूस म्हणून आले भाऊ."

"म्हणून तर नाही म्हणतोय. एकदा एका बाजूचं ऐकलं की त्याच गोष्टीत दुसऱ्या बाजूला उभं राहता येत नाही. आणि ऐकलेलं बाहेर काढता येत नाही, पक्षकार मेला तरी." ते आत तोंड करून चहा सांगतात. मावशी नको म्हणते, तरी चहा येतो. कुणीच बोलत नाही. शेरडू कागदाला तोंड लावू बघतं, भाऊ ते बाजूला सारतात.

मी विचारतो, "मग दुसरं कुणी सांगाल?"

"माझ्या हाताखालची पोरं सांगणार नाही, त्यांनाही तीच अडचण. तुझा तू शोध. वकील केलास की त्याला कोर्टाचं दफ्तर बघायला लाव. हे मी बोरीतल्या कोणत्याही घराबद्दल सांगीन, या घराबद्दल म्हणून नाही." एवढं बोलून ते मावशीकडे वळतात. "आणि कागद तर सगळेच विचारतात गं. माणसं कोण विचारतो ते बघ."

बाहेर आल्यावर मावशी पुटपुटते, "म्हातारा तुटक झालाय." मला वाटतं, आज भेटलेला पहिला वकील हाच.

आम्ही त्या घराच्याच ओट्यावर येऊन बसतो. घरमालक आलाय, हाटेलातले वकील दुसऱ्या कामाला गेलेत आणि तासाभराने येणार आहेत. माझ्या वर्गमित्राची धाकटी बहीण परभणीच्या कोर्टात दिवाणी कामं करते. मी तिला फोन लावतो आणि स्पीकरवर टाकतो.

फी तिने काढलीच नाही अजून. पहिला प्रश्न येतो, "घर गावठाणात आहे की गावठाणाबाहेर?"

गावठाणात.

"मग सातबारा नसणार. मालमत्ता पत्रक काढलंय का, स्वामित्वचं?" एप्रिल 2020 मध्ये ती योजना जाहीर झाली, ड्रोनने गावठाणं मोजून घरांना पत्रक देण्याची. घरमालक म्हणतो, ते बघायचं राहूनच गेलं. "बघा. नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कुणाकडून घ्यायची ते त्यावरून कळतं. मालक कोण ते कळत नाही."

लाईटबिलाबद्दल मावशी काही विचारत नाही.

"घर आधी कुणाचं होतं?"

घरमालक फोनकडे वाकतो. "मपल्या बापाचं. त्याच्या आधी आज्याचं."

"वडील कधी वारले? आई आहे का? भाऊ किती, बहिणी किती?"

मावशी माझ्याकडे बघते. मीही तिच्याकडे बघतो.

वडील 2012 ला गेले, आई त्याच्या आधी. भाऊ नाही. बहिणी दोन, एक सेलूला दिलेली, एक मानवतला. त्यांनी हक्क सोडलाय, बाँड आहे.

"नोंदवलाय का बाँड? दुय्यम निबंधकाकडे?"

"नोटरी केलाय की, बाई."

"काका, नोटरीने हक्क सुटत नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावराचा हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो, 1908 चा कायदा आहे. आजच्या घडीला या घरात तुमच्याइतक्याच त्या दोघीही मालक आहेत." बापाच्या मागे त्याच्या वाट्यात लेकीला वाटा 1956 पासून आहे, ती सांगते. वडिलोपार्जित घरात जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने 1994 ला दिला, देशाने 2005 ला, आणि बाप हयात होता की नव्हता हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मिटवला. "त्या दोघी खरेदीखतावर सह्या करतील तरी चालेल, आधी हक्कसोड नोंदवतील तरी चालेल. पण त्या आल्या पाहिजेत."

"पण रजिस्ट्री तर मंगळवारी होऊन जाईल," घरमालक म्हणतो.

"होईल ना. रजिस्ट्री दस्ताची होते, मालकीची नाही. तुम्ही मालक आहात का हे निबंधक तपासत नाही. ते तपासायचं काम मावशींच्या वकिलाचं."

मग ती मावशीलाच विचारते, खरेदी कुणाच्या नावावर? दोन नावं ऐकून ती "अरेरे" म्हणते. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, 1 एप्रिल 2021 पासून. बरोबर मुलाचं नाव घातलं की ती गेली. साडेनऊ लाखांवर साडेनऊ हजार. मावशी बोटांवर काही मोजते आणि हाटेलच्या दिशेने बघते.

आता फी येते. बारा हजार. त्यात तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, दिवाणी दाव्यांची तपासणी आणि खरेदीखताचा मसुदा. पेपरातल्या जाहीर नोटिशीचा खर्च वेगळा. तीन आठवडे लागतील. उर्दू कागदाचा फोटो पाठवा, परभणीत वाचून घेते. "आणि मावशी, मी फक्त तुमची. काकांनी त्यांचा वकील करावा, मी त्यांच्याशीही नीट बोलेन."

घरमालक दुखावलाय. हे मला साहजिक वाटतं, चारचौघांत त्याच्या घराची झडती चाललीय. "बहिणी मपल्या हायेत. त्या कशाला आडव्या येतील? थांबा, आत्ताच फोन लावतो." तो मोबाईल कानाला लावतो, लिंबाखाली दोन येरझाऱ्या घालतो. "लागत नाही. रेंज नसंल सेलूला."

तो माझ्यासमोरून वळतो तेव्हा मोबाईलचा पडदा मला दिसतो. त्यावर गणपती आहे आणि वेळ, बारा अठ्ठेचाळीस. फोन लावलेलाच नाही.

मी काही बोलत नाही. मावशीने पाहिलं की नाही कळत नाही. ती पिशवीचं तोंड दोरीने आवळून गाठ मारते आणि शेजारच्या घराकडे हाक देते, "वहिनी, अगं सेलूला दिलेल्या पोरीचा नंबर हाय का तुह्याकडं? माझ्याबरोबर शाळेत होती ती."

घरमालक ओट्याच्या कडेला टेकतो. नंबर येतो, वहीच्या फाटक्या पानावर. मावशी चष्मा नाकावर ओढून एकेक आकडा दाबते आणि फोन स्पीकरवर कसा टाकायचा ते मला विचारते. रस्त्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज येतो. हाटेलातले वकील परत आलेत, हातात खरेदीखत, बोळात उभे.

"इसार झाला का?" ते विचारतात.

मावशी हाताने त्यांना थांबवते. सेलूला रिंग जातेय.