पाठीच्या पाण्यातली खूण

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकला की मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या कितीतरी रुग्णांचे पाय जड पडतात, नजर धूसर होते. पुन्हा झटका आला, म्हणून घरचे हादरतात. बहुतेकदा तो झटका नसतो. आवरण झिजलेल्या मज्जातंतूतून तापल्या अंगी संदेश नीट जात नाही. गारवा मिळाला की उतार पडतो. विल्हेल्म उट्‌हॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने हे १८९० मध्येच नोंदवलं होतं. खऱ्या झटक्यात मात्र मेंदूत किंवा मज्जारज्जूत नवी सूज येते. ती कोण आणतं, हे कळायला फार वर्षं गेली.

खूण तशी लवकर सापडली होती. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या एल्विन काबाट यांना या रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात अँटिबॉडीची प्रथिनं वाढलेली दिसली. अँटिबॉडी बनते बी पेशींच्या वंशात. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकारपेशी टोचून तसाच आजार निर्माण करता आला आणि पुढची कित्येक दशकं सगळा संशय टी पेशींवरच राहिला.

आपल्याकडे तर हा गोऱ्यांचा आजार, अशीच समजूत होती. १९९० मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी भाटिया यांनी मुंबईच्या पारशांमध्ये तो चांगलाच आढळतो, हे दाखवलं. रुग्णांची संघटना मुंबईत १९८५ पासून होती. खानदेशातल्या रुग्णाला मात्र एमआरआय जवळ येईपर्यंत आजाराचं नाव तरी कुठून कळणार?

टी पेशींवरच्या त्या संशयाला कलाटणी मिळाली २००८ मध्ये. स्टीफन हाउसर आणि सहकाऱ्यांनी १०४ रुग्णांवर रिटुक्सिमॅबची चाचणी घेतली. हे औषध रक्ताच्या कर्करोगासाठीचं. सीडी-२० ही खूण असलेल्या बी पेशी ते संपवतं. मेंदूतले ताजे डाग ९१ टक्क्यांनी घटले. मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: इतक्या झटपट गुण आला, तरी अँटिबॉडी फारशा घटल्या नव्हत्या. त्या बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसतं, त्यामुळे औषध त्यांना शिवत नाही. म्हणजे बी पेशींचा उपद्रव अँटिबॉडीपुरता नव्हता. बी पेशी टी पेशींना लक्ष्य दाखवत होत्या, दाह पेटवणारे रेणू सोडत होत्या. बी पेशींवरचा प्रत्येक उपाय लागू पडतो असंही नाही. अटासिसेप्टने झटके उलट वाढले आणि २००९ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली.

बी पेशी संपवणारंच ऑक्रेलिझुमॅब २०१७ मध्ये आलं. २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या रक्तनमुन्यांतून एप्स्टाइन-बार विषाणूशी या आजाराचं घट्ट नातं दिसलं. हा विषाणू मुक्काम करतो तो बी पेशींतच! हळूहळू वाढत जाणारं अपंगत्व मात्र बी पेशी संपवणाऱ्या या औषधांनी पुरतं थांबत नाही, हेही रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं.

रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने २००७ मध्ये आणली आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजारासाठी रिटुक्सिमॅब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय महाविद्यालयात ते कायम हाताशी असावं, असं मला मनापासून वाटतं. ते देण्याची रीत अशी: आधी हिपॅटायटिस-बी आणि क्षयाची तपासणी, मग स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं औषध, मग सलाइनमधून हळूहळू सोडलेलं रिटुक्सिमॅब. घसा खवखवला, अंगावर पित्त उठलं, तर वेग कमी. पुढचा डोस साधारण सहा महिन्यांनी, कारण तोवर बी पेशी रक्तात पुन्हा डोकावू लागलेल्या असतात.