वादळाआधीचा पैसा

१८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया हे चक्रीवादळ पाचव्या श्रेणीचा जोर घेऊन डॉमिनिकावर आदळलं. कॅरिबियन समुद्रातला हा देश जेमतेम ७५० चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास. (डॉमिनिकन रिपब्लिक वेगळा, दोघांची गल्लत नेहमी होते.) उजाडलं तेव्हा हिरवेगार डोंगर तपकिरी झाले होते, झाडांवर पान उरलं नव्हतं. ६५ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. पुढच्या पाहणीत नुकसानीचा आकडा निघाला सुमारे १३० कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या आदल्या वर्षीच्या सकल उत्पन्नाच्या २२६ टक्के. सगळ्या देशाने सव्वादोन वर्षं राबून जे कमवावं, ते एका रात्रीत गेलं.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. ३ नोव्हेंबर १९७८ ला देश स्वतंत्र झाला आणि दहा महिन्यांत डेव्हिड वादळाने त्याला झोडपलं. ऑगस्ट २०१५ मध्ये एरिका आलं, त्याच्या नुसत्या पावसाने वर्षाच्या उत्पन्नाच्या ९० टक्के नुकसान केलं. त्यातून सावरायच्या आत मारिया.

मोठ्या देशात एका किनाऱ्याला वादळ लागतं तेव्हा बाकीचे जिल्हे शाबूत असतात. तिथून कर येतो, धान्य येतं, पत्रे आणि गवंडी येतात. डॉमिनिकात बाकीचे जिल्हे नाहीत. राजधानी रोझो आणि पूर्वेकडचा कालिनागो आदिवासींचा मुलूख एकाच रात्री उघड्यावर पडले.

अशा देशात शाळेवर दुहेरी भार येतो. गावातली भक्कम इमारत बहुधा तिचीच, म्हणून वादळातला निवाराही तिथेच. शाळा टिकली, तर घर गेलेली कुटुंबं तिच्यात राहतात आणि वर्ग भरत नाहीत. शाळा पडली, तर निवाराही गेला आणि वर्गही गेले. मारियानंतर ऑक्टोबरच्या मध्यापासून शाळा टप्प्याटप्प्याने उघडल्या, कुठे तंबूत, कुठे दोन पाळ्यांत.

शाळा पडते म्हणजे बहुतेक वेळा आधी तिचं छप्पर उडतं. भिंती उभ्या राहतात, पण पाऊस आत शिरला की पुस्तकं, बाकं, वायरिंग सगळं जातं. यावरचा उपाय काही गुपित नाही. दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्यापुढे चांगलं टिकतं. वळचण आखूड हवी, कारण पुढे आलेल्या पत्र्याखाली वारा शिरतो आणि त्याला वर उचलतो. व्हरांड्याचं छप्पर मुख्य छपराला जोडू नये. गेलं तर एकटं जावं. पत्र्याला खिळ्यांऐवजी स्क्रू हवेत, आणि वासा भिंतीला लोखंडी पट्टीने बांधलेला हवा. यासाठी थोडा जास्तीचा पैसा, जाणता सुतार आणि काम तपासणारा इंजिनिअर लागतो. तिन्ही लागतात ते वादळाच्या आधी. जगाची थैली मात्र वादळाची छायाचित्रं पाहिल्यावर उघडते, आणि माझ्या मते या बेटांच्या दुःखाचं मूळ इथे आहे.

सगळ्यात लवकर आला तो विम्याचा पैसा. २००४ मध्ये आयव्हन वादळाने ग्रेनाडा मोडून काढल्यावर कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये सीसीआरआयएफ हा सामाईक विमा निधी उभारला. इथे पंचनामा होत नाही. वाऱ्याचा वेग आणि वादळाचा मार्ग यांवरून नुकसानीचं गणित मांडतात, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की १४ दिवसांच्या आत पैसे देतात. मारियानंतर डॉमिनिकाला सुमारे १.९ कोटी डॉलर मिळाले. सरकार चालू ठेवायला ते मोलाचे, पण १०० रुपयांच्या नुकसानीमागे ही भरपाई दीड रुपयाची. ती वाढवायची तर हप्ता वाढतो, आणि तो भरायचा त्याच तिजोरीतून जिच्यातून शाळा बांधायच्या.

उरलेल्या पैशाची एक वाट आपल्याला परिचित आहे. मे २०२१ मध्ये मेहुल चोक्सी डॉमिनिकात पकडला गेला, तेव्हा या देशाचं नाव मराठी घरांत पोहोचलं. मुंबईतल्या पंजाब नॅशनल बँक गैरव्यवहारातल्या या आरोपीकडे शेजारच्या अँटिगाचं नागरिकत्व होतं, तिथल्या गुंतवणूक योजनेतून मिळालेलं. डॉमिनिकाही १९९३ पासून पैशांच्या बदल्यात नागरिकत्व देते, आणि मारियानंतर सरकारने बांधलेल्या घरांना याच पैशाचा मोठा आधार होता. या व्यवहारातले धोके खरे आहेत. त्याच्या गैरवापराचं कारण देऊन ब्रिटनने जुलै २०२३ मध्ये डॉमिनिकाच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. २०२४ मध्ये किमान रक्कम १ लाखावरून २ लाख डॉलर झाली. पण विकायला दुसरं फारसं काही नसलेल्या देशाने हा मार्ग का धरला, हे नागरिकत्व विकत घेणाऱ्यांच्या बातम्यांखाली दडून जातं.

दुसरी वाट कर्जाची. स्वस्त कर्ज द्यायचं की नाही, हे जगात मुख्यतः दरडोई उत्पन्नावर ठरतं. जागतिक बँकेने १९८५ पासून छोट्या बेटांसाठी अपवाद ठेवला आहे. डॉमिनिकाला त्याचा लाभ मिळतो, अँटिगा आणि बार्बाडोसला नाही. पर्यटकांच्या डॉलरमुळे त्यांचं उत्पन्न कागदावर चांगलं दिसतं, आणि छप्पर किती वेळा उडतं हे त्या कागदावर येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने असुरक्षितता मोजणारा बहुआयामी निर्देशांक स्वीकारला, पण कर्ज देणाऱ्यांवर तो बंधनकारक नाही. तो बंधनकारक व्हायला हवा, आणि छोट्या बेटांच्या पायाभूत सुविधांसाठी २०२१ मध्ये ग्लासगोत ‘आयरिस’ उपक्रम पुढे आणणाऱ्या भारताने तसा आग्रह धरायला हवा.

कर्जाच्या करारातच वादळाची सोय करता येते, हे ग्रेनाडाने दाखवलं. २०१५ च्या कर्ज-पुनर्रचनेत त्याने एक कलम घालून घेतलं: मोठं वादळ आलं तर हप्ते काही काळ थांबतील. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळाने त्याच्या कॅरियाकू बेटावरची बहुतेक घरं मोडली, तेव्हा ते कलम वापरून ग्रेनाडाने रोखेधारकांचे हप्ते पुढे ढकलले. त्यासाठी कुणाकडे अर्ज-विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. बार्बाडोसनेही २०१८ पासून अशी कलमं घेतली आहेत. बाकीच्या बेटांच्या बहुतेक जुन्या कर्जांत ती नाहीत. तिथे छप्पर उडालेल्या महिन्यातही हप्त्याची तारीख तीच राहते.