प्रशासकाधिकाराविना आज्ञावलीची उभारणी

लिनक्सवर चालणाऱ्या सामायिक संगणकावर एखादी नवी आज्ञावली हवी असेल, तर ती प्रशासकाने बसवून दिल्याखेरीज गत्यंतर नाही, अशी समजूत विद्यार्थ्यांत आणि क्वचित अध्यापकांतही आढळते. विभागातील लहानसा सर्व्हर असो, की पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली उभारलेल्या परम ब्रह्मसारखा महासंगणक असो, अनेकांच्या उपयोगाच्या यंत्रावर ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याची किल्ली प्रत्येकाच्या हाती देता येत नाही, हे उघड आहे. परंतु त्यावरून संशोधकाचे काम प्रशासकाच्या सवडीवर अडून राहिलेच पाहिजे, असे निष्पन्न होत नाही. मूळ संहितेपासून, म्हणजे सोर्सपासून, आज्ञावली स्वतःच्या डिरेक्टरीत उभारता येते. ही पद्धत केवळ अडचणीतून काढलेली पळवाट नव्हे. संशोधनाच्या दृष्टीने तिला स्वतंत्र मूल्य आहे.

आज्ञावली ‘बसविणे’ म्हणजे वस्तुतः काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. चालविण्याजोगी फाइल, तिला लागणाऱ्या लायब्रऱ्या, हेडर फाइली आणि माहितीपत्रके ठरावीक जागी ठेवणे, एवढाच त्याचा बहुतांशी अर्थ असतो. या जागा ‘यूएसआर’सारख्या सामायिक डिरेक्टरीत असल्या, तर तेथे लिहिण्यास रूटचा अधिकार लागतो. संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला तो कधीच लागत नाही. म्हणजे अधिकाराचा प्रश्न उभारणीचा नसून जागेचा आहे. आणि जागा बदलली की तो प्रश्नही बहुधा उरत नाही.

रूढ रीतीत तीन पायऱ्या असतात. ‘कॉन्फिगर’ ही पटकथा यंत्राची पाहणी करून मेकफाइल तयार करते, ‘मेक’ त्यानुसार कंपाइल करते आणि ‘मेक इन्स्टॉल’ तयार फाइली त्यांच्या जागी नेऊन ठेवते. काही सांगितले नाही, तर ही जागा ‘यूएसआर’मधील ‘लोकल’ ही डिरेक्टरी धरली जाते; म्हणूनच पहिल्या दोन पायऱ्या निर्विघ्न पार पडून तिसरीवर परवानगी नाकारली जाते. कॉन्फिगरला ‘प्रीफिक्स’ या पर्यायाने स्वतःच्या होम डिरेक्टरीतील जागा आरंभीच कळविली, की हा अडथळा दूर होतो. मात्र ही जागा अनेकदा तयार फाइलींच्या पोटात कोरली जाते. नंतर डिरेक्टरीचे नाव बदलल्यास आज्ञावली मोडण्याचा संभव असतो. म्हणून जागा विचारपूर्वक निवडावी आणि प्रत्येक आज्ञावलीच्या प्रत्येक आवृत्तीस वेगळी डिरेक्टरी द्यावी.

खरी कसोटी लागते ती परावलंबनाच्या साखळीत. पायथॉनचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सेंटओएस ७ ही प्रणाली २०१४ साली निघाली व ३० जून २०२४ रोजी तिचा आधार संपला. ज्या यंत्रांवर ती अद्याप बदललेली नाही, तेथे ओपनएसएसएल या लायब्ररीची १.०.२ ही आवृत्ती असते; उलट पायथॉन ३.१० व त्यापुढील आवृत्त्यांना किमान १.१.१ लागते. अशा यंत्रावर पायथॉन कंपाइल केल्यास उभारणी थांबत नाही. सुरक्षित जोडणीचा ‘एसएसएल’ हा भाग वगळला गेल्याची सूचना अखेरीस उमटते आणि शेकडो ओळींच्या गर्दीत ती सहज नजरेआड होते. पायथॉन चालतो, आकडेमोडही करतो. परंतु ‘पिप’ने एखादे पॅकेज आणावयास जावे, तर जोडणीच होत नाही. त्रुटी उभारणीच्या वेळची, तिचा प्रत्यय मात्र पुढे कधीतरी, असा हा प्रकार आहे.

यावर उपाय म्हणजे आधी ओपनएसएसएल स्वतःच्या डिरेक्टरीत उभारणे आणि ‘विथ-ओपनएसएसएल’ या पर्यायाने तिचा पत्ता पायथॉनच्या कॉन्फिगरला देणे. येथे दोन बारकावे आहेत. ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती चौसष्ट बिटांच्या यंत्रावर आपल्या लायब्रऱ्या ‘लिब६४’ या डिरेक्टरीत ठेवते, तर पायथॉन त्या ‘लिब’मध्ये शोधतो, म्हणून ‘लिबडिर’ या पर्यायाने ओपनएसएसएलला ‘लिब’ हेच नाव सांगावे. दुसरे असे, की स्वतः उभारलेली ओपनएसएसएल विश्वासार्ह प्रमाणपत्रे आपल्याच डिरेक्टरीत शोधते आणि तेथे ती नसतात. ‘एसएसएल सर्ट फाइल’ या पर्यावरणचलाने यंत्रावरील प्रमाणपत्रांच्या फाइलीकडे तिला वळवावे लागते.

लायब्ररी उभारली, तरी आज्ञावली चालताना ती सापडली पाहिजे. याचे दोन मार्ग आहेत. ‘एलडी लायब्ररी पाथ’ या पर्यावरणचलात डिरेक्टरी नोंदविणे हा सोपा मार्ग. परंतु तो त्या सत्रात चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीस लागू होतो. एकीच्या सोयीसाठी केलेली नोंद दुसरीला भलतीच लायब्ररी पुरवू शकते. दुसरा मार्ग म्हणजे शोधण्याची जागा तयार होणाऱ्या फाइलीतच नोंदवून ठेवणे; तिला ‘आरपाथ’ म्हणतात. पायथॉनच्या कॉन्फिगरमध्ये ३.१० पासून ओपनएसएसएलसाठी तसा पर्यायच आहे. स्थायी उभारणीस हाच मार्ग श्रेयस्कर होय. कोणती लायब्ररी प्रत्यक्षात कोठून घेतली जात आहे, हे ‘एलडीडी’ या आज्ञेने पडताळता येते.

महासंगणकावर आणखी एक धोका संभवतो. कंपाइल ज्या यंत्रावर होते आणि गणित ज्या यंत्रावर चालते, ती दोन्ही एकाच जातीची असतीलच असे नाही. प्रवेश-यंत्राच्या प्रोसेसरला अनुरूप अशी खास सूचना कंपायलरला दिली, तर गणन-यंत्रावर अपरिचित आज्ञेमुळे काम तात्काळ बंद पडू शकते. शिवाय प्रवेश-यंत्र सर्वांचे असते. मोठी उभारणी रांगेत काम लावूनच करावी, हा सौजन्याचाही भाग आहे.

या पद्धतीस मर्यादा नाहीत असे नाही. कर्नल बदलणे, त्याचे चालक जोडणे, १०२४ च्या खालील पोर्टवर सेवा चालविणे ही कामे सामान्यतः प्रशासकाचीच राहतात. सर्व आज्ञावलींच्या मुळाशी असलेली ‘जीलिबसी’ ही लायब्ररी वेगळ्या आवृत्तीची लावणे अशक्य नसले, तरी अत्यंत जिकिरीचे असते. साखळी कधी कंपायलरपर्यंतही जाऊन भिडते: पायथॉन ३.११ ला सी ११ या प्रमाणाचे पालन करणारा कंपायलर लागतो, आणि जीसीसी स्वतः उभारावयाचा तर त्याआधी जीएमपी, एमपीएफआर व एमपीसी या तीन गणिती लायब्रऱ्यांची सोय करावी लागते. अशा वेळी हाताने साखळी जुळविण्यापेक्षा अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जन्मलेल्या ‘स्पॅक’चा आश्रय घेणे शहाणपणाचे ठरते. तोही रूटच्या अधिकाराविना चालतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर संशोधनाच्या विश्वसनीयतेत आहे. सामायिक आज्ञावली प्रशासक आपल्या वेळापत्रकाप्रमाणे बदलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रबंधातील एखादा आकडा दोन वर्षांनी परीक्षकाने पुन्हा काढण्यास सांगितला आणि तो शेवटच्या दशांशस्थळी जुळेना, तर दोष गणिताचा, की लायब्ररीचा, की कंपायलरच्या पर्यायाचा, याचा निर्णय कशाच्या आधारे करावयाचा? ज्याने उभारणी स्वतः केली आणि प्रत्येक संहितेची आवृत्ती, तिचे चेकसम, कंपायलर व कॉन्फिगरची संपूर्ण ओळ नोंदवून ठेवली, त्याला तीच परिस्थिती पुन्हा निर्माण करून पाहण्याचा मार्ग मोकळा असतो. ज्याने ते केले नाही, त्याच्या हाती केवळ तर्क उरतो. प्रयोगशाळेत उपकरणाचे प्रमाणीकरण जसे प्रयोगाचाच भाग मानले जाते, तद्वत् आज्ञावलीच्या उभारणीची नोंद हाही संगणकीय संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.