ग्राफिक्स ड्रायव्हरने रजिस्टर कमी का वाचावं?

महाड-पोलादपूरची अनेक मुलं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा मुंबई-पुण्यात कॉम्प्युटर शिकतात. इंटरप्टची व्याख्या त्यांना पाठ असते. पण इंटरप्ट आल्यावर ड्रायव्हरचा वेळ नेमका कुठे जातो, हे खऱ्या कोडमध्ये बघण्यासारखं आहे. त्यासाठी इंटेलच्या ग्राफिक्स चिपसाठी लिनक्समध्ये असलेला आय-९१५ हा ड्रायव्हर घेऊ. त्याचा कोड सर्वांना खुला आहे.

इंटरप्ट आल्यावर

पडदा ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेम संपल्याची वर्दी, म्हणजेच इंटरप्ट, सेकंदाला ६० वेळा येऊ शकते, १४४ हर्ट्झचा असेल तर १४४ वेळा. चिपने दिलेलं काम संपवलं की आणखी एक वर्दी, मॉनिटरची वायर काढली की वेगळीच.

इंटेलच्या २०१४ च्या ब्रॉडवेल पिढीपासून क्रम साधारण असा आहे. चिपच्या मुख्य रजिस्टरमध्ये, म्हणजे तिच्यातल्या नोंदीच्या ठरलेल्या जागी, लिहून पुढचे इंटरप्ट थांबवायचे. कुठल्या विभागाने हाक दिली ते त्याच रजिस्टरमध्ये वाचायचं. मग त्या विभागाचं ओळख-रजिस्टर वाचायचं, तेच मूल्य परत लिहून नोंद पुसायची आणि इंटरप्ट पुन्हा चालू करायचे.

वाचणं महाग, लिहिणं स्वस्त

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला निघालेल्या एसटीत चिठ्ठी दिली की माणूस आपल्या कामाला मोकळा. उत्तर हवं असेल तर मात्र गाडी परतेपर्यंत स्टँडवर थांबणं आलं. रजिस्टरचं तसंच आहे. लिहिलेलं मूल्य वाटेत सोडून प्रोसेसर पुढे जातो. वाचताना मात्र उत्तर हातात येईपर्यंत तो अडकून राहतो, कारण रजिस्टरचं मूल्य कॅशमध्ये ठेवता येत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर एका वाचनाला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागू शकतो. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची तेवढ्यात ३,००० चक्रं होतात, तीही त्या कोरवर बाकीचे इंटरप्ट बंद असताना.

टाळता येणारी वाचनं

कुठले इंटरप्ट दाबून ठेवायचे, हे ड्रायव्हरनेच ठरवलेलं असतं. मग ते चिपला विचारायचं कशाला? त्याची प्रत मेमरीत ठेवली की भागतं. मुख्य रजिस्टरमध्ये ज्या विभागाचा बिट शून्य आहे, त्याच्या ओळख-रजिस्टरकडे वळायचीही गरज नसते. काही वाचनं तर आधीचं लिखाण चिपपर्यंत पोचलं याची खात्री करण्यापुरतीच असतात. त्यांतली काही जुन्या सवयीने राहिलेली असू शकतात.

सर्वांत मोठी बचत होते ती चिपलाच मेमरीत लिहायला लावून. आय-९१५ मध्ये स्टेटस पेज नावाचं एक पान असतं. काम संपलं की चिप त्यावर क्रमांक लिहिते आणि ड्रायव्हर तो साध्या मेमरीसारखा वाचतो. रजिस्टरपर्यंतची खेप टळते. माझ्या मते नव्या ड्रायव्हरची आखणी इथूनच सुरू व्हावी.

एमएसआय (मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट) पद्धतीतही एक वाचन टळतं. तिच्यात इंटरप्टच मेमरीतल्या लिखाणासारखा येतो. जुन्या पद्धतीत इंटरप्टच्या एकाच तारेवर अनेक उपकरणं एकत्र असत, म्हणून हाक आपलीच का, हे आधी वाचून बघावं लागे. एमएसआयमध्ये हाक कोणाची, हे आधीच ठरलेलं असतं.

जिथे वाचायलाच हवं

हाक दिलेल्या विभागाचं ओळख-रजिस्टर मात्र वगळता येत नाही. इंटेलच्या चिपमध्ये त्यात एकामागे एक अशा दोन घटना साठू शकतात. एकदा पुसल्यावरही बिट उभा राहू शकतो. इंटेलच्या आयव्ही ब्रिज पिढीच्या काळात तर इंटरप्ट आधी पोचायचा आणि स्टेटस पेजवरचा क्रमांक मागून. क्रम नीट लागावा म्हणून ड्रायव्हर मुद्दाम एक रजिस्टर वाचत असे. ते वाचन फालतू समजून कोणी काढलं असतं, तर झालेलं काम अपूर्ण समजून प्रोग्राम ताटकळत राहिला असता. हा दोष सहज सापडणाराही नाही, कारण तो कधीतरीच उमटतो.

घरी करून बघा

इंटेल ग्राफिक्सचा जुना लॅपटॉप आणि लिनक्स एवढं पुरतं. ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल व्हिडिओ सुरू करण्याआधी आणि नंतर उघडा. आय-९१५ च्या ओळीतला आकडा किती वाढला, ते दिसेल. लिनक्समधलं एफट्रेस हे मोजणीचं साधन लावून इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडला (हँडलरला) लागलेला वेळ मोजा. मग कोड उघडा आणि प्रत्येक वाचनापाशी थांबून बघा, याचं उत्तर ड्रायव्हरला आधीच ठाऊक आहे का. मोजल्याशिवाय आणि त्या वाचनामागचं कारण कळल्याशिवाय एकही ओळ काढू नका.