एकटीला पुरेल इतकं शहर

१७९५ सालच्या उन्हाळ्यात मेरी वोलस्टनक्राफ्ट स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. स्त्रियांच्या हक्कांवरचं तिचं गाजलेलं पुस्तक येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. सोबत वर्षाची मुलगी आणि एक दाई होती. काम होतं मुलीच्या बापाचं. त्याचं चांदी भरलेलं जहाज त्या किनाऱ्यावर कुठेतरी गायब झालं होतं आणि त्याचा माग काढायचा होता. मुलीला दाईजवळ गॉथेनबर्गला ठेवून ती पुढे नॉर्वेत एकटीच गेली, बंदराबंदरांतून चौकशा करत हिंडली आणि परतीच्या वाटेवर कोपनहेगनला थांबली. या प्रवासातली पत्रं १७९६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पहिल्याच पत्रात रात्रीच्या जेवणाचा प्रसंग आहे. तुमची नजर चौकस आहे, तुम्ही पुरुषांचे प्रश्न विचारता, असं यजमान तिला तोंडावर सांगतो. त्याने ते कौतुकाने म्हटलं असेल, पण म्हटलंच.

मी ऑस्लो, कोपनहेगन, स्टॉकहोम आणि हेलसिंकी असा जूनमधला बेत आखला, तेव्हा प्रश्न विचारायला शेजारच्या काकू होत्या. "एकटी म्हणजे टूरबरोबरच ना गं?" त्यांचा प्रश्न मायेचाच होता. पण टूरबरोबर एकटं जायचं तर जादा पैसे मोजावे लागतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. खोली दोघांची धरलेली, बसची सीट दोघांची धरलेली. हिशेबात माणूस जोडीनेच येतो, आणि सुट्या माणसाकडून राहिलेल्या अर्ध्याचे पैसे घेतात.

उत्तर युरोपातल्या या शहरांत मला तो अर्धा भाग कुणी मागितला नाही. हे पर्यटकांचं आतिथ्य असेल असं आधी वाटलं होतं. हळूहळू लक्षात आलं की मला जे काही सोयीचं वाटतंय, त्यातलं फारसं काही पर्यटकांसाठी बांधलेलंच नाही. ते तिथल्या एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी आहे. फिनलंडमधल्या घरांपैकी जवळपास निम्म्या घरांत एकच माणूस राहतं. बाकीच्या तिन्ही देशांतही एकट्याचं घर हाच घरांचा सर्वांत मोठा गट आहे. विद्यार्थी, विधवा आजी, घटस्फोटित, लग्न न केलेले, मुलं दुसऱ्या गावी गेलेले, असे सगळे त्यात आले.

हे आपोआप झालेलं नाही. स्वीडनने १९७१ मध्ये नवरा-बायकोच्या उत्पन्नावरची करआकारणी वेगवेगळी केली. कुटुंबाऐवजी प्रत्येक प्रौढ माणूस सरकारच्या लेखी स्वतंत्र झाला. हेन्रिक बेरग्रेन आणि लार्श ट्रेगोर्ड या दोन अभ्यासकांनी २००६ साली यावर एक पुस्तकच लिहिलं. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: स्वीडिश माणसाने सरकारशी करार केला तो एवढ्यासाठी की बायकोला नवऱ्यावर, म्हाताऱ्यांना मुलांवर आणि गरिबाला शेजाऱ्याच्या दयेवर अवलंबून राहावं लागू नये. नाती राहावीत, पण अडून राहिलेली नसावीत. आपल्या एकत्र कुटुंबाच्या आठवणींना हे रुक्ष वाटेल. मला ते रुक्ष वाटलं नाही, कारण अडून राहिलेल्या नात्यांत आयुष्य काढलेल्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत.

ऑस्लोविषयी थोडक्यातच लिहिते. २००८ साली उघडलेल्या ऑपेरागृहाचं पांढरं संगमरवरी छप्पर फ्योर्डच्या पाण्यापासूनच चढत जातं. त्यावर कुणीही, तिकीट न काढता, थेट माथ्यापर्यंत चालत जाऊ शकतं. पण मला जास्त भावली ती मेट्रोची पाच नंबरची लाइन. तिच्या टोकाचं स्टेशन सोग्न्सवान. तिथे उतरलं की थोड्याच पावलांवर तळं आणि पलीकडे जंगल. नॉर्वेत १९५७ पासून कायदाच आहे की लागवडीखाली नसलेल्या जमिनीवर, ती कुणाच्याही मालकीची असो, कुणालाही पायी हिंडता येतं. घरांपासून दीडशे मीटर अंतर राखून रात्री तंबूही टाकता येतो. एकट्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न असतो तो "इथे काय करताय?" हा. नॉर्वेच्या जंगलात हा प्रश्न विचारायचा अधिकारच कुणाला नाही.

कोपनहेगनला जलपरीचा पुतळा पाहिला. तो सगळेच पाहतात. १९१३ पासून ती खडकावर बसली आहे आणि अपेक्षेपेक्षा लहान आहे. खरं शहर दुसरीकडे आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये नगरपालिकेने मध्यवस्तीतला स्ट्रोयेट हा साधारण एक किलोमीटर लांबीचा रस्ता मोटारींना बंद केला, आधी प्रयोग म्हणून. दुकानदार खवळले होते. गाड्या नसतील तर गिऱ्हाईक येईल कशाला, आणि रस्त्यात रेंगाळायला हा काय इटली आहे, असा त्यांचा सूर होता. प्रयोग यशस्वी झाला आणि दोन वर्षांत बंदी कायमची झाली. याच काळात यान गेल नावाचा तरुण वास्तुरचनाकार आणि मानसशास्त्र शिकलेली त्याची बायको इंग्रिड यांच्यात घरीच एक वाद चालू होता: तुम्ही वास्तुवाले इमारतींचा विचार करता, माणसांचा का करत नाही? मग गेलने रस्त्यांत उभं राहून माणसं मोजायला सुरुवात केली. किती जण चालतात, किती जण थांबतात, कुठल्या भिंतीला टेकतात, कुठल्या बाकावर बसतात आणि किती वेळ. १९७१ मध्ये त्यातून पुस्तक झालं. लोक बसायला जागा मिळेल तिथे बसतात, आणि बसलेली माणसं दिसली की आणखी माणसं येतात, असं त्याच्या नोंदींतून पुन्हा पुन्हा दिसत गेलं. एकटीने फिरताना याचा अर्थ फार लवकर कळतो. काही विकत न घेता तासभर बसता येईल अशी जागा नसेल, तर एकट्या बाईला शहर म्हणजे नुसती पायपीट.

बंदराचंही तसंच. काही दशकांपूर्वी त्यात कारखान्यांची घाण आणि पावसात तुंबून वाहणारं सांडपाणी जात असे. महापालिकेने जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधून ते पाणी अडवलं, आणि २००२ मध्ये इस्लांड्स ब्रुगेच्या काठाला पोहण्याची पहिली मोफत जागा उघडली. जोराचा पाऊस होऊन सांडपाणी बंदरात गेलं तर पोहणं बंद ठेवतात. भर शहरात, कचेरीतून सुटलेली माणसं पिशवी फळ्यांवर ठेवतात आणि सरळ पाण्यात उडी टाकतात. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई टॉवेल गुंडाळून कपडे बदलत होत्या. मी पोहत नाही म्हटल्यावर त्यांनी त्यांची पिशवी आणि चष्मा माझ्या हवाली केला आणि गेल्या पोहायला. पुढचा अर्धा तास मला त्या गावात एक काम होतं.

स्टॉकहोममध्ये पहिल्या दिवशी पाऊस लागला आणि तो दिवस मी भुयारी रेल्वेत काढला. एका तिकिटात कितीही वेळा चढता-उतरता येतं, त्याच्या मुदतीपर्यंत. ही रेल्वे १९५० मध्ये सुरू झाली. वेरा निल्सन आणि सिरी डेर्कर्ट या दोन चित्रकर्त्रींनी धरलेला आग्रह मान्य होऊन पुढे स्टेशनांवर कलाकृती आल्या. आज शंभर स्टेशनांपैकी नव्वदहून अधिक ठिकाणी त्या आहेत. टी-सेंत्रालेनच्या निळ्या लाइनवर पेर उलोफ उल्टवेट याने १९७५ मध्ये खडकाच्या छतावर निळ्या वेली चितारल्या आहेत, आणि एका बाजूला, निळ्याच रंगात, स्टेशन बांधणाऱ्या कामगारांच्या आकृती. वेली सगळे बघतात. कामगार शोधावे लागतात. कुणी शिडीवर आहे, कुणी हत्यार उगारलेलं. मी तिथे दोन गाड्या सोडल्या.

पण माझं मन रमलं ओस्टरमाल्मस्टोर्ग स्टेशनात. डेर्कर्टबाईंचं हे काम १९६५ चं. ओल्या सिमेंटसारख्या करड्या भिंतीत वाळूच्या फवाऱ्याने रेघा कोरल्या आहेत, लहान मुलाने खडूने गिरगटाव्यात तशा. त्या रेघांत बायका आहेत, मुलं आहेत, शांततेसाठीच्या घोषणा आहेत, आणि नावं आहेत: सॅफो, हायपेशिया, व्हर्जिनिया वुल्फ. शहरातल्या श्रीमंत वस्तीचं हे स्टेशन. रोज हजारो माणसं त्या नावांसमोरून कामावर जातात. संग्रहालयाचं तिकीट परवडणं न परवडणं हा प्रश्नच तिथे येत नाही.

पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी हिरव्या लाइनने दफनभूमीला गेले. स्कूगशिर्कोगोर्डेन, म्हणजे पाइनच्या जंगलातली दफनभूमी. १९१५ ची स्पर्धा जिंकून गुन्नार आस्प्लुंड आणि सिगुर्ड लेवेरेन्त्स या दोन तरुणांनी तिची आखणी केली आणि १९९४ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत आली. ग्रेटा गार्बोची कबर इथलीच. एका टेकडीवर एल्म वृक्षांचा चौकोन आहे, तिथे जायला दगडी जिना. चढताना पायऱ्यांची उंची वरवर कमी होत जाते. शोकात असलेल्या माणसाला वर पोचेस्तोवर धाप लागू नये, मन शांत व्हावं, म्हणून लेवेरेन्त्सने केलेली ही योजना. मी जिना चढले, उतरले आणि पायऱ्यांना वीत लावत पुन्हा चढले. फरक बोटांना कळतो, पायांना कळत नाही, फक्त दम लागत नाही. मेलेल्या माणसाला निरोप द्यायला आलेल्या, कदाचित त्या दिवसापासून एकट्या झालेल्या कुणाचा तरी इतका विचार एका वास्तुरचनाकाराने केला. या सगळ्या प्रवासात यापेक्षा सुंदर काही मी पाहिलं नाही.

स्टॉकहोमहून हेलसिंकीला रात्रीची बोट जाते. वाटेत ती ओलांड बेटांना टेकते, कारण युरोपीय संघाच्या करव्यवस्थेत त्या बेटांना सवलत आहे आणि त्यामुळे बोटीवरची करमुक्त दुकानं चालू राहतात. निम्मी बोट त्या दुकानांत असते. डेकवर मात्र जूनमध्ये रात्र अशी होतच नाही. स्टॉकहोमबाहेरची हजारो बेटं एकामागून एक सरकत असतात.

हेलसिंकीच्या कालिओ या जुन्या कामगारवस्तीत कोतिहार्यू नावाचं सार्वजनिक सौनागृह आहे, १९२८ पासून लाकडावर तापणारं. एके काळी अशी सौनागृहं गल्लोगल्ली होती. घरोघरी न्हाणीघरं आली तशी ती बंद पडली. सुमारे छप्पन्न लाखांच्या देशात आज तीसेक लाख सौना आहेत, म्हणजे बहुतेकांच्या घरात किंवा इमारतीत ती असतेच. तरी लोक इथे येतात. बायकांचा विभाग वेगळा. कपडे सगळे काढायचे, आधी शॉवर घ्यायचा, बुडाखाली घ्यायला छोटं फडकं न्यायचं. आत अंधूक उजेड, चढत्या पायऱ्या, जितकं वर तितकी आच जास्त. मी मधल्या पायरीवर बसले. माझ्यासारखीला लाज वाटणारच होती, आणि ती काही मिनिटं वाटलीही. मग समोर पाहिलं: ऑपरेशनचे व्रण, ओघळलेली पोटं, एक गरोदर तरुणी, काठी दाराशी ठेवून आलेल्या एक आजी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आपल्याकडे बाईच्या शरीराला वयाप्रमाणे जी शेरेबाजी सहन करावी लागते, तिचा मागमूस नव्हता. वरच्या पायरीवरून एकीने फिनिशमध्ये काही विचारलं, मग माझ्याकडे वळून इंग्रजीत: "पाणी टाकू?" तापलेल्या दगडांवर पाणी टाकण्याआधी सगळ्यांना विचारायचं, ही रीत. मी मान डोलावली. वाफ दिसत नाही, ती आधी कानांच्या पाळ्यांना कळते, मग खांद्यांना. असह्य झालं की उठायचं, त्याचं कुणाला स्पष्टीकरण द्यायचं नाही. बाहेर फुटपाथवर टॉवेल गुंडाळून बायका-पुरुष गार होत बसलेले असतात, समोरून वाहनं जातात. तिथे मात्र गप्पा होतात. फिनिश माणूस बोलत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या फुटपाथवर बसून पाहावं.

संसदेच्या बरोबर समोर ओदी हे मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ५ डिसेंबर २०१८ ला उघडलेलं, देशाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त. पुस्तकं फक्त वरच्या मजल्यावर. मधल्या मजल्यावर शिलाई मशीन, थ्रीडी प्रिंटर, गाणं ध्वनिमुद्रित करायच्या खोल्या. एक तरुण पडदे शिवत होता, आणि टीप वाकडी गेली की शेजारच्या मशीनवरच्या बाई न विचारता सांगत होत्या. ग्रंथालय फुकट असावं हे तिथे कायद्याने ठरलेलं आहे, आणि लोकशाही व अभिव्यक्तिस्वातंत्र्य ही त्याची उद्दिष्टं त्याच कायद्यात लिहिलेली आहेत. मी तिथे दुपारभर होते. पाणी प्यायले, फोन चार्ज केला, खिडकीशी बसून संसदेच्या पायऱ्या पाहिल्या. कुणी ओळखपत्र मागितलं नाही.

जूनमध्ये जाणाऱ्याला वर्षाची उजेडाची बाजू दिसते, हेही सांगायला हवं. डिसेंबरात हेलसिंकीला सहा तासही दिवस नसतो, आणि एकट्यांच्या त्या लाखो घरांत एकाकीपण आहेच. त्याची चिंता ही सरकारंही करतात. माझं म्हणणं इतकंच की एकटेपण नकोसं झालं की जायला तिथे जागा आहेत, आणि त्या जागांत शिरायला सोबत लागत नाही.

कुणाला जायचं असेल तर चारही देश शेंगेन व्हिसात येतात. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. फिनलंडात युरो चालतो, बाकी तिघांचं आपापलं चलन, पण रोख रक्कम जवळपास लागतच नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्यावं. हॉस्टेलमध्ये स्वयंपाकघर असतं, आणि दुकानातून सामान आणून रांधलं तर खर्च निम्म्याहून कमी होतो. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तो दिवस दफनभूमी, जंगल नाहीतर बंदरासाठी ठेवावा. १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणारा शुक्रवार आणि त्याला लागून येणारा शनिवार मात्र टाळावा. मध्योन्हाळ्याच्या सणाला स्टॉकहोम आणि हेलसिंकी ओस पडतात, दुकानं लवकर बंद होतात, आणि शहरातली माणसं गावाकडच्या आपापल्या तळ्याकाठी गेलेली असतात.