न ऐकणारा साथीदार

दोन कॉर्डांचा एक लहानसा तुकडा यंत्रावर फिरत ठेवावयाचा आणि त्याच्या आधाराने गिटारवर सुचेल तशी सुरावट विणीत तास-दीड तास घालवावयाचा, हा छंद आता आपल्या शहरांतील मध्यमवर्गीय घरांतही दिसू लागला आहे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना मात्र त्यात वादनापेक्षा वेळेचा अपव्ययच अधिक दिसतो. त्यांची तक्रार दुहेरी असते. एक तर तेच ते ऐकून कान किटतात. आणि दुसरी तक्रार अशी की यातून निष्पन्न काय होणार? ना परीक्षा, ना कार्यक्रम, ना एखादे गाणे पुरते बसविलेले. पहिली तक्रार खरी आहे आणि तिच्यावर हेडफोनचा उपाय आहे. दुसरीचा विचार मात्र सविस्तर करावयास हवा. कारण हौशी माणसाने संगीत करावे ते कशासाठी, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

पुनरावृत्तीचा आधार आपल्याला परका नाही. तबलजी एकल वादनास बसतो तेव्हा सारंगीवर वा हार्मोनियमवर कोणीतरी लेहरा धरलेला असतो. सोळा मात्रांची ती चिमुकली ओळ तासभर बदलत नाही, आणि तिने बदलू नये अशीच अपेक्षा असते. ती जागच्या जागी राहते म्हणून तर कायदा, रेला, तिहाई यांची करामत श्रोत्याला मोजता येते. पाश्चात्त्य वादक ज्याला 'रिफ' म्हणतात तो दोन-चार मापांचा स्वरखंड याच जातीचा आहे. फरक इतकाच की लेहरा धरणारा माणूस असतो. हा फरक किरकोळ नव्हे. त्याकडे पुढे येऊ.

एकट्या वादकाला स्वतःचीच साथ मिळवून देण्याची धडपड बरीच जुनी आहे, आणि तिचा मोठा भाग घरांतूनच घडला हे लक्षात घेण्यासारखे आहे. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने हॉलिवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजात तबकड्यांवर एकावर एक थर चढवून स्वतःच्याच अनेक गिटारी एकत्र ऐकविल्या. १९४८ साली निघालेली 'लव्हर' ही त्या खटाटोपाची ध्वनिमुद्रिका. सप्टेंबर १९७२ मध्ये लंडनला ब्रायन ईनोच्या घरी रॉबर्ट फ्रिप गिटार घेऊन बसला, तेव्हा दोन टेपरेकॉर्डरांमधून एकच फीत ओढून घेतलेली होती. पहिल्यावर मुद्रित झालेला सूर काही सेकंदांनी दुसऱ्यावर उमटे आणि पुन्हा पहिल्याकडे येऊन नव्या सुरांत मिसळे. ही युक्ती टेरी रायली याने त्यापूर्वीच, १९६० च्या दशकात वापरली होती. हाच रायली १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ; आणि त्यांची ख्याती एकेका सुरापाशी रेंगाळणाऱ्या अतिविलंबित बढतीची. फितीच्या फेऱ्यांत रमलेल्या माणसाला नेमकी याच गायकीची ओढ लागावी, यात आम्हांस तरी नवल वाटत नाही. पुढे फितीची जागा पायाने दाबावयाच्या छोट्या पेटीने घेतली. बॉस या जपानी कंपनीची 'लूप स्टेशन' पेटी २००१ साली आली, आणि आज तेच काम हातातला मोबाईलही करतो.

बैठकीचे प्रत्यक्ष स्वरूप पाहू. ब्लूज संगीताचा ठरीव आराखडा बारा मापांचा असतो. पहिली चार मापे मूळ कॉर्डची, दोन मध्यमावरच्या कॉर्डची, पुन्हा दोन मूळची. मग पंचमाचे एक, मध्यमाचे एक आणि शेवटच्या दोन मापांत स्वगृही परत. एका मापात चार मात्रा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हे आवर्तन २४ सेकंदांत पुरे होते, म्हणजे अर्ध्या तासात ७५ वेळा. तुकडा मुद्रित करताना शेवटची कळ नेमकी समेवर दाबावी लागते. पाव मात्रेची चूक झाली तर ती ७५ वेळा ऐकावी लागते. लयीच्या बाबतीत इतका निष्ठुर मास्तर दुसरा मिळणे कठीण.

यावर वाजविण्यासाठी नवशिका बहुधा पाच सुरांची एक मालिका हाताशी धरतो: षड्ज, कोमल गांधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. आपल्याकडील जाणकार तिला लगेच धानी म्हणतील. गिटारच्या पट्टीवर बोटांची ही ठेवण एकदा बसली की तिच्यातच भूपही दडलेला सापडतो. कारण धानीतील कोमल गांधाराला षड्ज मानले की भूपाचे सूर मिळतात, पंचमाला मानले तर मालकंसाचे. मूर्च्छनेचा हा विषय पुस्तकात वाचताना डोके जड होते. बोटे तिथेच ठेवून खाली वाजणारा तुकडा तेवढा बदलला, की तो दहा मिनिटांत कानाला पटतो. (सूर जुळले म्हणजे राग झाला असे नव्हे, हे संगीताच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नकोच.)

मात्र तंबोऱ्याची सवय झालेल्या कानाला एक गोष्ट येथे नवी आहे. तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो. येथे पायाखालची जमीन सरकते. 'ए' ही मूळ कॉर्ड घेतली तर तिच्यावर 'सी' हा कोमल गांधार किंचित खुपतो, कारण कॉर्डमध्ये शुद्ध गांधार वाजत असतो. पाचव्या मापाला 'डी'ची कॉर्ड येते आणि तोच 'सी' तिचा हक्काचा कोमल निषाद होऊन बसतो. बोट तसूभरही हललेले नसते. हा अनुभव पहिल्यांदा आला की मनुष्य पुढचा अर्धा तास दुसरे काही वाजवीत नाही. बी. बी. किंग यांच्यासारखे वादक तार किंचित ताणून कोमल आणि शुद्ध गांधारांच्या मधली जागा शोधीत, तिचे मर्मही येथेच उलगडू लागते.

पहिल्या दहा-पंधरा आवर्तनांत हाताशी असलेली सारी शिदोरी संपते, हे येथे नमूद केले पाहिजे. पाठ केलेले तुकडे, ऐकलेल्या गाण्यांच्या ओळी, जलद वर-खाली धावणे, सर्व काही वाजवून होते आणि तुकडा मात्र फिरतच असतो. पुष्कळ जण येथे कंटाळून उठतात. जो बसून राहतो त्याला नाइलाजाने काटकसर शिकावी लागते. तो दोन सुरांवर भागवून पाहतो, एक आवर्तन मोकळे सोडतो, वाजविण्यापूर्वी ओळ गुणगुणून पाहतो. तोवर तो बोटांच्या मागे चाललेला असतो. आता कानामागे चालू लागतो. परीक्षेसाठी लिहून दिलेल्या ताना पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हा नाइलाज सहसा येत नाही. ख्यालाचे सारे वैभव ज्या उपजेत आहे, तिच्यापासूनच विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे दूर ठेवणारी आपली शिक्षणपद्धती विचित्रच म्हणावयास हवी.

आता 'निष्पन्न काय' या प्रश्नाकडे वळू. पहाटे जात्यावर बसून ओवी रचणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हा प्रश्न कोणी विचारला नसावा. जात्याची घरघर हाही एक फिरता तुकडाच. खुंटा हाती धरावा, लय लागावी, आणि माहेर, भाऊ, पंढरी, सासरचा जाच जे मनात येईल ते त्या लयीवर शब्दांत उतरावे. समोर श्रोता नाही, बिदागी नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी फिरून या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. घरोघरची जाती थांबून पिठाच्या गिरण्या आल्या आणि त्या रचनेचा दैनंदिन प्रसंगच नाहीसा झाला. त्यानंतर आपल्या घरांत संगीत पुष्कळ आले, परंतु ते आधी रेडिओतून, मग कॅसेटमधून आणि आता मोबाईलमधून; घरातल्या कोणी ते आयत्या वेळी निर्माण करावे ही रीत उरली नाही. सायंकाळी कचेरीतून परतलेला कारकून जेवणापूर्वी पाऊण तास गिटार घेऊन बसतो, तेव्हा तो ही तुटलेली रीत आपल्या परीने सांधीत असतो. त्याचे वादन सामान्य असेल. पण त्याने ते लगेच मोबाईलवर टिपून चार लोकांना पाठवावे, या आग्रहातून त्या पाऊण तासाचे जे नुकसान होते ते सामान्य नाही. ऐकणारा आहे म्हटले की हात पुन्हा पाठ केलेल्या तुकड्यांकडेच वळतो.

हे सारे मान्य करूनही त्या फिरत्या तुकड्याचा दोष झाकता येत नाही. तो ऐकत नाही. लेहरा धरणारा वादक तबलजीच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. त्याने लय वाढविली की तो वाढवितो, तिहाई समेवर आली की मान हलवितो, क्वचित स्वतःही चुकतो आणि सावरतो. जाते ओढणारी बाई तर लय स्वतःच्या हातानेच आवरीत असे. यंत्राला यातले काही नाही. आपण उत्तम वाजविले काय आणि वाईट वाजविले काय, पुढचे आवर्तन तंतोतंत मागच्यासारखेच येते. वर्षभर अशाच साथीवर वाढलेला वादक एखाद्या मैफलीत जिवंत मंडळींबरोबर बसला की गडबडतो, कारण दुसऱ्याचे ऐकून थांबावयाचे असते याचीच त्याला सवय नसते. आवाज कमी-अधिक करणे, जागा देणे, साथीदाराने टाकलेला इशारा उचलणे हे त्याला यंत्राने शिकविलेले नसते, आणि ते शिकविणे यंत्राच्या स्वभावातही नाही.

म्हणून आठवड्यातून एखादा दिवस यंत्र बंद ठेवून घरातल्याच कोणाला तरी तेच दोन कॉर्ड धरावयास बसवावे. बहीण चालेल, शेजारचा शाळकरी मुलगा चालेल. दोन कॉर्ड शिकावयास चार-आठ दिवस पुरतात. त्याची लय हलेल, बोटे दुखली की तो मध्येच थांबेल, कधी पाचव्या मापाऐवजी सहाव्याला कॉर्ड बदलील आणि आपली सुरावट भलत्याच जागी जाऊन पडेल. मग दोघांनी हसून पुन्हा पहिल्या मापापासून सुरुवात करावी, आणि थोड्या वेळाने वाद्यांची अदलाबदल करून आपण कॉर्ड धरावे व त्याला वाजवू द्यावे.